तीन देशांतल्या विद्यार्थी संघटनांचा संयुक्त उपक्रम: सही कोणाची, पैसे कुठले, कार्यकारिणी बदलल्यावर काय?

नकाशावाचक

भूगोलाच्या तीन विद्यार्थी संघटना मिळून काम करायचं ठरवताहेत. जर्मनीतल्या एका विभागाची फाखशाफ्ट (त्या विभागातल्या विद्यार्थ्यांचं मंडळ), पोलंडमधल्या विद्यापीठातलं एक कोवो नाउकोवे (विद्यार्थ्यांचं अभ्यासमंडळ) आणि पोर्तुगालमधली एक विद्यार्थी संघटना. पहिला उपक्रम पोर्तुगालमध्ये: किनाऱ्याची धूप या विषयावर सात दिवसांची क्षेत्रकार्यशाळा, प्रत्येक देशातून १५, एकूण ४५ जण. त्यानंतरच्या वर्षी पोलंड, मग जर्मनी, असा फेरा चालू राहावा अशी इच्छा आहे.

तोंडी होकार तिन्हीकडून आहे. अडलंय ते इथे:

१. सामंजस्य करार कोणी कोणाशी करायचा? इंटरनेटवरचे नमुने आठ-दहा पानी आणि विद्यापीठांसाठी लिहिलेले दिसतात.
२. इरॅस्मस प्लस, म्हणजे युरोपियन युनियनच्या शिक्षण आणि युवा कार्यक्रमातून निधी मिळेल का, आणि कोणत्या प्रकारात?
३. तिन्हीकडे पदाधिकारी दरवर्षी बदलतात. दुसऱ्या वर्षी हे टिकवायचं कसं?

---

दस्तावेज

पहिला प्रश्न आधी सोडवा, कारण तुमच्या तिघांपैकी दोघांना बहुधा करार करण्याचा अधिकारच नाही.

जर्मनीत बहुतेक राज्यांमध्ये विद्यार्थ्यांची मिळून एक सार्वजनिक कायद्याखालची संस्था असते, विद्यापीठाच्या आतली. फाखशाफ्ट हा तिचा भाग. पैसे आणि सही सहसा वरच्या पातळीवर, म्हणजे आस्टा (विद्यापीठभरच्या विद्यार्थ्यांची कार्यकारी समिती) आणि तिथल्या अर्थविभागाच्या पदाधिकाऱ्याकडे असते. शिवाय तो पैसा सक्तीच्या वर्गणीतून आलेला, त्यामुळे कायद्यात नेमून दिलेल्या कामांबाहेर खर्च करता येत नाही. बव्हेरिया राज्यात तर अशी वैधानिक संस्था नाहीच. बऱ्याच फाखशाफ्टच्या शेजारी एक नोंदणीकृत संघटना, म्हणजे ई. फाउ., उभी असते. तुमच्याकडे ती असेल तर करार तिच्या नावाने करा. नसेल आणि काढायची असेल तर नोंदणीला किमान ७ सभासद लागतात. घटना लिहिणं, सह्यांचं प्रमाणीकरण, नोंदणी न्यायालय असं सगळं धरून काही महिने हातात ठेवा.

पोलंडमध्ये कोवो नाउकोवे विद्यापीठाच्या नोंदवहीत असतं, पण त्याला स्वतःचं कायदेशीर अस्तित्व नसतं. पैशाचा करार रेक्टर, म्हणजे विद्यापीठाचा प्रमुख, किंवा रेक्टरने अधिकारपत्र दिलेली व्यक्ती, बहुधा अधिष्ठाता, करते. अध्यक्षाने सही केलेला बसचा करार विद्यापीठाचं लेखा कार्यालय मान्य करत नाही आणि बिल अध्यक्षाच्या खिशातून जातं.

पोर्तुगालची विद्यार्थी संघटना सहसा स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती असते, तिचा स्वतःचा करक्रमांक असतो. मात्र तुमचा भागीदार एखाद्या मोठ्या संघटनेतलं विभागीय मंडळ, म्हणजे नुक्लिओ असेल, तर सही मूळ संघटनेची लागेल. हे आजच विचारून घ्या.

यावरचा उपाय म्हणजे दोन वेगळे कागद.

पहिला सहमतीपत्र, जास्तीत जास्त दोन पानं. यात कोणावरही पैशाची जबाबदारी टाकायची नाही, म्हणून त्यावर विद्यार्थी पदाधिकारी स्वतः सही करू शकतात. आठवड्याभरात होतो. दुसरा आर्थिक करार, फक्त यजमान आणि ज्या संस्थेला सहीचा अधिकार आहे तिच्यात. तो विधी विभागातून जाणार, त्याला दोन महिने धरा. बहुतेक गट दोन्ही एकाच कागदात कोंबतात. मग विधी विभागात तो कागद अडकून पडतो आणि तेवढ्या काळात सहकार्याचं कामही थांबतं.

सहमतीपत्रात काय असावं:

— एकच काम, तारखेसकट. "परस्पर सहकार्य वाढवणे" या वाक्यावर काहीही उभं राहत नाही. "ऑगस्टच्या शेवटच्या पंधरवड्यात सात दिवसांची कार्यशाळा, ४५ जागा" असं लिहा.
— प्रत्येक संघटनेकडून दोन नावं, एक नाही. एकाची परीक्षा असते तेव्हा दुसरा उत्तर देतो.
— निर्णयाचा नियम. उदाहरणार्थ, २०० युरोंपर्यंतच्या खर्चावर ७ दिवसांत हरकत आली नाही तर मंजूर. त्यावरच्या खर्चाला तिघांचा लेखी होकार.
— रिकाम्या जागांचं काय. सुरुवातीच्या ४५ दिवस आधीपर्यंत जो कोटा भरला नाही, तो बाकीच्या दोघांच्या प्रतीक्षायादीला जातो.
— तोटा कसा वाटायचा. समान तीन वाटे, की ज्याचे लोक गळले त्याने? मी दुसरं सुचवेन, कारण नाहीतर गळती थांबवायची निकड कोणालाच वाटत नाही.
— संपण्याची तारीख. चौदा महिने पुरेत. मुदत असलेला कागद नव्या कार्यकारिणीला उघडून वाचावाच लागतो.

---

जमाखर्च

दस्तावेज यांचं सगळं पटतं. निधीबद्दल मी लिहितो.

"इरॅस्मस प्लस" म्हटलं की सगळे युवा आदानप्रदानाकडे धावतात, अर्जातला त्याचा संकेतांक केए१५२. अटी वरवर जुळतात: ५ ते २१ दिवस, १६ ते ६० सहभागी, वय १३ ते ३०. पण इरॅस्मस प्लसच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय की शैक्षणिक अभ्याससहल पात्र नाही, संघटनेच्या वैधानिक सभा पात्र नाहीत. किनाऱ्याच्या धुपीची प्राध्यापकांच्या देखरेखीखालची मोजणी ही अभ्याससहलच आहे. तिला अनौपचारिक शिक्षणाचा मुलामा देऊन अर्ज करू नका. मूल्यमापक असे अर्ज रोज वाचतात.

तुमच्या कामाला बसणारी चौकट वेगळी आहे: मिश्र सघन कार्यक्रम, ज्याला सगळे बिप म्हणतात. किमान ३ देशांतल्या ३ उच्चशिक्षण संस्था, प्रत्यक्ष भाग ५ ते ३० दिवस, जोडीला ऑनलाइन भाग सक्तीचा, आणि किमान ३ ईसीटीएस (युरोपातल्या सामाईक पद्धतीचे) श्रेयांक. तुमच्याकडे तीन विद्यापीठं आधीच आहेत. अडचण एवढीच की अर्ज विद्यार्थी संघटना करू शकत नाही. विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय कार्यालय आपल्या वार्षिक गतिशीलता निधीतून, म्हणजे विद्यार्थ्यांना परदेशी पाठवण्याच्या पैशातून, ते करतं. तेव्हा तुमचं काम म्हणजे तिन्ही विभागांत एकेक प्राध्यापक शोधणं, जे श्रेयांक देतील आणि सही करतील. आखणी, प्रचार, निवास, क्षेत्रकामाचं नियोजन हे सगळं संघटनांनी करायचं. प्राध्यापकांना नेमकी याच कामांची धास्ती असते, म्हणून तयार आराखडा घेऊन गेलात तर होकार मिळणं सोपं जातं.

पैसा कसा येतो हेही समजून घ्या. आयोजनखर्चाची रक्कम समन्वयक संस्थेला मिळते. बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांचं स्वतःचं विद्यापीठ दिवसाचा भत्ता देतं. सध्याच्या मार्गदर्शिकेत अल्पकालीन गतिशीलतेसाठी पहिल्या १४ दिवसांना ७९ युरो रोज असा दर आहे. सात दिवसांचे ५५३ झाले. यजमान देशातल्या १५ जणांना मात्र हा भत्ता नाही, कारण ते कुठे गेलेलेच नसतात. अंदाजपत्रकात हे विसरलं की शेवटच्या महिन्यात पोर्तुगीज बाजूला खड्डा पडतो.

निधी आला नाही तरी कार्यशाळा होईल असं अंदाजपत्रक आधी करा. आकडे निव्वळ उदाहरणादाखल:

निवास: २८ युरो × ६ रात्री × ४५ = ७,५६०
जेवण: १८ युरो × ७ दिवस × ४५ = ५,६७०
बस, सभागृह, साहित्य: १,२००
बेरीज १४,४३०. त्यावर १० टक्के राखीव १,४४३.
एकूण १५,८७३, म्हणजे माणशी साधारण ३५३ युरो.

हा राखीव निधी शोभेचा नाही. समजा शेवटच्या आठवड्यात ६ जण गळाले. जेवणाचा आकडा कमी करता येतो, पण निवासाचे ६ × १६८ = १,००८ युरो गेलेच. राखीव रकमेत ते बसतात. दहा जण गळाले तर १,६८० होतात आणि बसत नाहीत. म्हणून निवड कळवल्यापासून १० दिवसांत १०० युरो परत न मिळणारी आगाऊ रक्कम घ्या, आणि निवासाशी करार करताना "किती दिवस आधीपर्यंत किती खाटा विनाशुल्क कमी करता येतील" हे लेखी घ्या.

आणि पावत्या! पोलंडमध्ये दुकानातला साधा पारागॉन (गल्ल्यावरची पावती) विद्यापीठ परतफेडीला धरत नाही. संस्थेच्या करक्रमांकासह फाक्तुरा, म्हणजे बीजक, लागते, आणि तो क्रमांक पैसे देण्यापूर्वीच सांगावा लागतो. पोर्तुगालमध्येही तसंच, करक्रमांक गल्ल्यावर सांगायचा. खरेदीला जाणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये संस्थेचं पूर्ण नाव, पत्ता आणि करक्रमांक असलेला एक फोटो ठेवा.

बँकेचं एक बारीक. ऑक्टोबर २०२५ पासून युरोक्षेत्रातल्या बँका पैसे पाठवताना खातेदाराचं नाव आणि आयबॅन (आंतरराष्ट्रीय खातेक्रमांक) जुळतात का ते तपासतात. बोलीभाषेतलं छोटं नाव लिहिलं तर इशारा येतो आणि सहभागी घाबरून थांबतात. शुल्काच्या सूचनेत खात्यावरचं नाव अक्षरशः तसंच छापा. पोलंडची वर्गणी झुओतीत, म्हणजे तिथल्या चलनात, गोळा करत असाल तर एका ठरलेल्या तारखेचा दर आधीच जाहीर करा, रोजचा नाही.

---

सीमापार

जर्मनी आणि पोलंड दोघे आहेत म्हणून एक दार सांगतो: जर्मन-पोलिश युवा कार्यालय, स्थापना १९९१, पॉट्सडाम आणि वॉर्साला कचेऱ्या. तिसऱ्या देशासोबतच्या त्रिपक्षीय भेटींनाही ते मदत करतं. मात्र ते तरुणांसाठी आहे, वयाची मर्यादा २६. मास्टर्सचे काही जण त्यात बसणार नाहीत. पोलंडमधल्या दुसऱ्या वर्षासाठी डोक्यात ठेवा.

एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. पहिल्याच वर्षी ४५ जण कशाला? युरोपियन जिऑग्राफी असोसिएशन, म्हणजे एगेआ, हे उट्रेख्टमध्ये कार्यालय असलेलं भूगोलाच्या विद्यार्थ्यांचं जाळं आहे. त्यांच्यात आदानप्रदानाची जुनी पद्धत आहे: एका गावचा गट आठवडाभर दुसऱ्याकडे जातो, पुढे दुसरा पहिल्याकडे येतो. यजमान राहण्या-खाण्याचं बघतात, पाहुणे प्रवासखर्च करतात. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात जातच नाहीत, त्यामुळे करारही लागत नाही. असे दोन फेरे झाले की कोण वेळेवर उत्तर देतं, कोण शेवटच्या क्षणी माणसं बदलतं, हे तिन्ही बाजूंना कळतं. १० जणांच्या फेऱ्यात कळलेलं बरं.

अभियांत्रिकीत बेस्ट आणि ईस्टेक, कायद्यात १९८१ साली व्हिएन्नात सुरू झालेली एल्सा, मानसशास्त्रात एफ्प्सा, अशी जाळी बऱ्याच विषयांत आहेत. आपल्या विषयाचं आहे का हे न बघता शून्यातून चौकट उभी करणं म्हणजे दुप्पट मेहनत.

---

दस्तावेज

जाळ्यात जाणं चांगलंच, पण ते तिघांमधल्या कागदाची जागा घेत नाही. जाळ्याचे नियम सभासदत्व, मतदान आणि नावाच्या वापराबद्दल असतात. तुमच्या बसचं भाडं बुडालं तर त्यात काही लिहिलेलं नसतं. शिवाय काही जाळ्यांमध्ये नवीन गटाला आधी निरीक्षक किंवा उमेदवार म्हणून थांबावं लागतं आणि पूर्ण सभासदत्व सर्वसाधारण सभेतच मिळतं. त्या सभेची तारीख हुकली तर पुढच्या सभेपर्यंत थांबा. तेव्हा दोन्ही गोष्टी समांतर चालवा.

१० जणांपासून सुरुवात करण्याचा मुद्दा मात्र बिनतोड आहे.

---

नकाशावाचक

खूप उपयोगी. पोर्तुगालचा भागीदार विभागीय नुक्लिओच निघाला, म्हणजे सही मूळ संघटनेची. प्राध्यापक दोन देशांत तयार आहेत.

दोन उपप्रश्न. ऑगस्टचा शेवट ही तारीख योग्य आहे का? आणि पोलंडच्या गटात तीन विद्यार्थी युरोपियन युनियनबाहेरचे आहेत, सगळ्यांची माहिती एकाच ऑनलाइन फॉर्मवर गोळा करतोय, त्यात काही धोका?

---

सीमापार

तारखेचं असं आहे. जर्मनीत उन्हाळी सत्राची व्याख्यानं जुलैच्या मध्यापर्यंत चालतात आणि लेखी परीक्षा त्यानंतर, काही ठिकाणी सप्टेंबरातही. पोलंडमध्ये वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, पण फेरपरीक्षा सप्टेंबरात असतात. पोर्तुगालमध्ये वर्ग सप्टेंबरच्या मध्याला भरतात. तिघांचं उरतं ते ऑगस्टचा दुसरा अर्धा. तारीख बरोबर आहे, पण तिची एक किंमत आहे: ऑगस्टमध्ये पोर्तुगालमधली विद्यापीठ कार्यालयं रजेवर असतात, १५ ऑगस्टला पोलंड आणि पोर्तुगाल दोन्हीकडे सुट्टी, आणि किनाऱ्यावरचं निवास पर्यटकांनी भरलेलं. म्हणून सभागृह, विमा, बस आणि निवास यांच्या सगळ्या सह्या ३० जूनपर्यंत झालेल्या हव्यात. जुलैत पाठवलेल्या मेलचं उत्तर सप्टेंबरात येईल असं धरून चाला.

निवासाचे दर खटकले तर दुसरी खिडकी नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. सगळीकडे सत्र चालू, परीक्षा लांब. पण किनाऱ्यावर तेव्हा लाटा मोठ्या, दिवस लहान. मोजणीचं वेळापत्रक भरतीच्या तक्त्यावर बसवावं लागेल.

बाहेरच्या तिघांकडे पोलंडचा वैध निवास परवाना असेल तर तो आणि पासपोर्ट घेऊन ते शेंगेन क्षेत्रात (आपसातल्या सीमांवरची तपासणी काढलेले युरोपीय देश) १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरू शकतात, वेगळा व्हिसा नको. खरी गोम परवान्याच्या नूतनीकरणात आहे. जुनं कार्ड संपलं, नवीन अजून हातात नाही आणि फक्त अर्जाची पोच आहे, तर त्या पोचेवर पोलंडमध्ये राहता येतं, पण दुसऱ्या शेंगेन देशात जाता येईलच असं नाही. कार्ड कधी संपतं हे निवडीच्या वेळीच विचारा.

आणि अर्जाच्या मुदती. देशातल्या राष्ट्रीय संस्थेकडे करायच्या इरॅस्मस प्लस अर्जांच्या मुदती ब्रुसेल्सच्या दुपारी १२ वाजता संपतात. लिस्बनला तेव्हा ११ वाजलेले असतात. तुमचा अर्ज पोर्तुगालमधून जाणार आहे!

---

जमाखर्च

फॉर्मबद्दल. तिघं मिळून माहिती गोळा करून वापरताय, म्हणजे जीडीपीआर या युरोपियन युनियनच्या माहितीसंरक्षण कायद्याच्या कलम २६ प्रमाणे तिघं संयुक्त जबाबदार. कोण साठवतो, कोण पुसतो, सहभागीने कोणाला लिहायचं, एवढ्या तीन ओळी सहमतीपत्रात घाला आणि फॉर्मच्या वर तशाच लिहा.

धोका जिथे आहे ते खाण्याच्या रकान्यात. अ‍ॅलर्जी, औषधं, आजार ही आरोग्याची माहिती, तिला स्पष्ट संमती वेगळी घ्यावी लागते. हे रकाने वेगळ्या फॉर्ममध्ये ठेवा, फक्त यजमानांच्या दोन जणांना उघडता येईल असे, आणि कार्यशाळा संपल्यावर ३० दिवसांत पुसा. पासपोर्टचे फोटो मागूच नका. निवासाला क्रमांक हवा असेल तर निवासालाच थेट देऊ द्या. उपस्थितीपत्रकं आणि पावत्या मात्र पुसू नका. निधी घेतला असेल तर शेवटच्या हप्त्यानंतरही काही वर्षं त्या जपणं बंधनकारक असतं, आणि त्या विद्यापीठाकडे असाव्यात, कोणाच्या लॅपटॉपवर नाही.

---

पुढची_फळी

तिसरा प्रश्न राहिलाच, आणि बहुतेक सहकार्यं तिथेच संपतात. म्हणून जरा विस्ताराने.

पदाधिकारी बदलतात हे खरं, पण तिघांकडे ते एकाच दिवशी बदलत नाहीत. आधी एका तक्त्यावर लिहा: जर्मनीत निवडणूक कधी आणि पदभार कधी, पोलंडमध्ये कधी, पोर्तुगालमध्ये कधी. तिघांपैकी कोणीतरी एक कायम "जुना" असतो. सहकार्याची चावी त्या काळात त्याच्याकडे. पोलंडमध्ये ऑक्टोबरात नवी मंडळी आली आणि पोर्तुगालची निवडणूक वसंतात असेल, तर ऑक्टोबर ते मार्च हा मधला काळ पोर्तुगालने सांभाळायचा. हे लिहून ठेवलं नाही तर तिघंही एकमेकांच्या मेलची वाट पाहत बसतात.

दुसरं, ओळख करून देण्याची बैठक. नवी कार्यकारिणी आल्यापासून ६ आठवड्यांच्या आत एक तासाचा ऑनलाइन कॉल, त्यात जाणारे दोघे, येणारे दोघे आणि बाकी दोन देशांचे प्रतिनिधी. जाणाऱ्याने फक्त फाइल पाठवून भागत नाही. समोरच्या देशातल्या माणसाला नव्याचा चेहरा दिसला, नाव कळलं, म्हणजे पुढच्या मेलला उत्तर येतं. कॉलमध्ये तीनच गोष्टी: काय ठरलंय, कोणाचं काय देणं राहिलंय, पुढची मुदत कोणती. कॉलच्या शेवटी नव्या मंडळींनी सहमतीपत्राच्या खाली तारीख घालून आपली सही जोडायची.

हस्तांतराची वही सहा पानांपलीकडे जाऊ देऊ नका, कोणी वाचत नाही. माझ्या मते यात एवढं पुरतं: वर्षाचं वेळापत्रक, माणसं आणि त्यांची कामं, मागच्या वर्षीचा खरा जमाखर्च (ठरवलेला नव्हे, झालेला), अर्जांच्या मुदती, आणि "पुन्हा असं करू नका" या मथळ्याखाली दहा ओळी. तो शेवटचा भाग कार्यशाळा संपल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात लिहा. महिन्याभराने सगळं छान झालं होतं असंच आठवतं.

आंतरराष्ट्रीय समन्वयाचं पद कार्यकारिणीच्या मुदतीशी बांधू नका. घटनेत बसत असेल तर ते दीड वर्षाचं करा, म्हणजे जुना आणि नवा समन्वयक सहा महिने एकत्र काम करतात. नेदरलँड्समधल्या बऱ्याच अभ्याससंघटनांमध्ये कार्यकारिणीचे लोक अभ्यास बाजूला ठेवून वर्षभर तेच काम करतात. तुमच्या तिघांकडे तशी प्रथा नसेल, म्हणून हा उपाय. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला उपसमन्वयक करा. मास्टर्सच्या शेवटच्या सत्रातल्याला मुख्य जबाबदारी देऊ नका, प्रबंधाचे चार महिने तो सापडत नाही.

राहिलं साठवणीचं. शेअर केलेल्या फाइल्स कोणा एकाच्या विद्यापीठ खात्यावर असतील तर पदवी मिळाल्यावर ते खातं बंद होतं आणि सगळं त्याबरोबर जातं. पदाच्या नावाचा मेलपत्ता घ्या, फाइल्सची मालकी त्याच्याकडे ठेवा. पासवर्ड परत मिळवण्याचा फोन नंबर जाणाऱ्याचाच राहतो, हे हमखास विसरतं. तो त्या एक तासाच्या कॉलमध्येच, सगळ्यांसमोर बदलून घ्या.